तिसऱ्या गाण्यातली शिट्टी

भाचीने व्हॉट्सॲपवर एका अल्बमची लिंक पाठवली आणि खाली हुकूम सोडला, "मामा, एकट्याने ऐक. दिवे बंद करून. आणि फोनच्या स्पीकरवर लावलंस तर बोलणार नाही तुझ्याशी." गाणारी मुलगी नवीन, आपल्या मालव्यातलीच. गाणी मालवीत, लिहिलेलीही तिनेच. साथीला एक गिटार आणि आपले निर्गुणी भजनवाले वाजवतात तो पाच तारांचा तंबुरा. ढोलक नाही, कीबोर्ड नाही. सगळं इतकं हलकं की पंखा पाचावर असेल तर गाणं सुरू झालंय हेच कळत नाही.

आता इंदूरमध्ये, तेही लोकमान्य नगरातल्या आमच्या भरल्या घरात, एकट्याने?

सकाळ बादच. सकाळी कचऱ्याची गाडी येते आणि ती गात गात येते. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात आमचं शहर वर्षामागून वर्षं पहिलं येत राहिलं, त्याचं कौतुक भोंग्यावरून गल्लीला रोज ऐकवलं जातं. ओला इकडे, सुका तिकडे करता करता आम्हाला ते पाठ झालंय. अल्बममधली मुलगी क्षिप्रेच्या कोरड्या पात्राबद्दल काहीतरी फार आतलं सांगत होती. काय, ते गाडी वळणावरून जाईपर्यंत समजलं नाही, आणि तोवर कडवं संपलं होतं.

दुपारी जाहिराती. फुकटात ऐकणाऱ्याला दोन गाण्यांच्या मधे पाण्याच्या पाइपची जाहिरात ऐकावी लागते. ती मात्र पंखा पाचावर असतानाही शेजारच्या घरापर्यंत पोचते. हेडफोन लावावा, तर एरवी माझ्याशी दिवसभर न बोलणाऱ्या माणसांना नेमकं तेव्हाच विजेचं बिल, नळाची वेळ आणि कुणाचं तरी साखरपुड्याचं आमंत्रण आठवतं. रात्री निवांत बसावं म्हटलं, तर पोरांना सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा किस खायचा असतो. शेवटी भाचीचा रोष पत्करून दिवाणखान्यातच स्पीकर लावला.

तिसऱ्या गाण्यात कुकरची शिट्टी होते. खरीखुरी. मुलीने अल्बम घरी बसून रेकॉर्ड केलाय, शिट्टी आली, सूर जमत होता, म्हणून तिने ती ठेवून दिली. मला हे फार आवडलं. वहिनीला नाही. पहिल्यांदा ती हातातली भाजी टाकून गॅसकडे धावली. दुसऱ्यांदाही धावली. मग तिने शिट्टीवर विश्वास ठेवणंच सोडलं, आणि रविवारी बाफल्यांबरोबरची डाळ करपली. दोष अल्बमवर गेला, म्हणजे माझ्यावर.

काकांची तक्रार वेगळी. गिटारच्या जाड तारांवर बारीक तारेचं वेटोळं असतं. डावा हात पट्टी बदलताना त्यावरून सरकला की ‘चुंईक’ वाजतं, आणि माईक अगदी जवळ असला की तेही टिपलं जातं. काका म्हणाले, "स्पीकरला तेल दे." मी समजावलं. त्यावर, "मग तिच्या गिटारला दे."

तंबुरा त्यांना चालतो. मालव्यातले कबीरभजनं गाणारे प्रह्लादसिंह टिपानिया यांना 2011 साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून तो घरात मान्यताप्राप्त आहे. गिटार अजून प्रतीक्षायादीत. आणि लोकसंगीताचा विषय निघाला की काका कुमारांवर जाणारच. 1948 साली कुमार गंधर्व क्षय बरा करायला इथून तासाभरावरच्या देवासला आले, काही वर्षं अंथरुणावर पडून होते, आणि बाहेरून जाणाऱ्यांची गाणी ऐकता ऐकता त्यांना मालव्याच्या लोकधुनांचा नाद लागला, हे खरंच आहे. पण इंदूरच्या मराठी घरांत "मी तेव्हा तिथेच बसलो होतो" म्हणणारे जितके भेटतात, तितके खरोखर बसले असते तर कुमारांना बाहेरचं काही ऐकूच गेलं नसतं. काकांचा तर जन्मच नंतरचा.

"लोकगीत कुणी एकटं लिहीत नसतं," काका म्हणाले. "त्याला कवी नसतो. ही पोरगी लिहिते म्हणजे ते लोकगीत नव्हे."

मी म्हटलं, "मग भजनांत शेवटी कबीराचं नाव येतं ते?"

"ती कबीराची."

सगळी कुठली! मालव्यातल्या कितीतरी भजनांचा खरा रचणारा कुणी अनाम गावकरी असणार. त्याने आपलं पद बिनदिक्कत कबीराच्या नावावर लावून दिलं आणि मंजिरा उचलला. या मुलीने आपली गाणी आपल्याच नावावर ठेवली, एवढाच तिचा अपराध. काकांना हे पटलं नाही, पण त्यांनी जीरावण मसाला जास्त झाल्याचं सांगून पोह्यांची बशी सरकवली, म्हणजे मुद्दा लागला होता.

या सगळ्यात आत्या गप्प होती. आत्या गल्लीतल्या भजनी मंडळाची ढोलकवाली. एकादशीला तिच्याकडे गेलो तर जिन्यातच ओळखीची चाल ऐकू आली. तिसरं गाणं! ढोलक, मंजिरे, दहा-बारा बायकांचे मोकळे गळे, कचऱ्याच्या गाडीलाही बाजूला काढतील असे. शेवटचं कडवं आलं आणि त्यात कबीर उभा.

"आत्या, अगं त्या मुलीचं गाणं आहे ते! नाव तरी तिचं घाल."

आत्याने ढोलकची कडी कसत म्हटलं, "घालून पाहिलं रे. मात्रेत बसत नाही. कबीर कसा, कुठेही बसतो."