पाठकोरा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नोटीस बोर्डावर परवापासून एक सूचना झळकते आहे. 'शुक्रवारी पाण्याची टाकी साफ करण्यात येणार आहे. तरी सर्व सभासदांनी पाणी भरून ठेवावे. हुकुमावरून.' निळं स्केचपेन, खाली दोन रेघा. सूचनेबद्दल माझं काही म्हणणं नाही, टाकी साफ व्हायलाच हवी. पण ती ज्या कागदाच्या पाठीवर लिहिली आहे, त्याच्या पोटावर माझं पोस्टर आहे.

मी स्वतंत्र कलाकार आहे, म्हणजे एक तारखेला माझ्या खात्यात काहीही जमा होत नाही. थोडं फिल्मचं, थोडं डिझाइनचं, थोडं फोटोग्राफीचं काम करतो आणि मधूनमधून ते लोकांना दाखवायची हुक्की येते. येत्या रविवारी संध्याकाळी दादरला एक छोटा हॉल घेतलाय. ११ मिनिटांचा एक लघुपट, गिरगावातल्या चाळींच्या लाकडी जिन्यांचे फोटो आणि काही पोस्टर्स. प्रवेश विनामूल्य. त्याचंच निमंत्रण मी बोर्डावर लावलं होतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, मॅट कागद, शीर्षकाची अक्षरं हाताने काढलेली. पडद्यावर कुंकवासारखा दिसणारा लाल छापताना विटकरी होतो म्हणून प्रेसमध्ये मशीनशेजारी उभं राहून तो दुरुस्त करून घेतलेला. त्या लालचं तोंड आता भिंतीकडे आहे.

खात्री करून घ्यायला मी कागदाचा खालचा कोपरा उचलून आत डोकावत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"टाचण्या काढू नकोस हं."

आमचे सेक्रेटरीकाका. दुसरा मजला. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी समोरच्या माणसाकडे अजूनही सही जुळत नसल्यासारखे बघतात.

"काका, हे माझं पोस्टर आहे."

"होतं ना. पाठकोरं होतं म्हणून घेतलं. कागद काय मस्त आहे रे! कुठून आणलास? आमच्या नोटिसा दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने गुंडाळतात. हा बघ कसा ताठ उभा आहे."

वर्षभराच्या कामाला मिळालेली ही पहिली दाद.

"पण काका, कार्यक्रम रविवारी आहे. अजून झाला नाहीये."

"टाकी शुक्रवारी आहे. आधी कोण येतं?"

याला उत्तर नसतं.

"शिवाय," काका म्हणाले, "ते तुझं अक्षर लोकांना लागत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं उर्दू आहे."

हे ऐकून मला खरंच राग आला. काकांची पिढी नाटकांच्या जाहिराती बघत मोठी झाली आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची जी अक्षरं काढली, ती नुसती पाहून नाटक गंभीर आहे की विनोदी हे कळायचं. तालमीत कोण काय बोलतंय हे माहीत नसलेल्या माणसालाही वर्तमानपत्रातल्या त्या चार इंचांत नाटकाचा स्वभाव दिसायचा. ज्यांनी सकाळच्या चहाबरोबर फुकटात एवढी उत्तम अक्षरं पाहिली, त्यांनी स्केचपेनने 'हुकुमावरून' लिहावं आणि माझ्या अक्षरांना उर्दू म्हणावं? उर्दू लिपी इतकी देखणी आहे की एरवी मी ते कौतुक समजलो असतो. पण काकूंचा सूर तसा नव्हता, असं काकांनी आपणहून स्पष्ट केलं.

तरी मी म्हटलं, "काका, तुम्ही फिल्म तरी पाहिलीत का? ग्रुपवर लिंक टाकली होती."

लिंकबद्दल थोडं सांगायला हवं. नवं काम लोकांना पाठवलं की दोन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं म्हणजे अंगठा. तो लिंक पोचताक्षणी येतो. ११ मिनिटांची फिल्म बघून तीन सेकंदांत अंगठा उठवणारी माणसं माझ्या नात्यात आहेत. दुसरं उत्तर, 'निवांत बघतो रे.' मुंबईत निवांत वेळ नेमका कधी असतो, ते मला कळलेलं नाही. ज्यांना तो मिळतो ते झोपतात. हे सगळं ठाऊक असूनही माणूस दर तासाला उघडून बघतो की किती जणांनी पाहिलं, आणि त्या आकड्यात आपण स्वतःच किती वेळा धरले गेलो आहोत याचा मनात हिशेब करतो.

काकांनी मात्र फिल्म पाहिली होती. सोसायटीत एकट्या काकांनी.

"पाहिली ना. साडेपाच मिनिटांत संपवली."

"ती ११ मिनिटांची आहे."

"दुप्पट वेगाने लावली. तरी हळूच वाटली."

"आणि आवाज?"

"आवाज बंद होता. ही सिरीयल बघत होती ना."

त्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त पैसे आवाजावर गेले आहेत. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, दूरवरची लोकल, चौकातला नळ, हे सगळं वेगवेगळं रेकॉर्ड करून थरावर थर बसवलंय. हेडफोन लावून ऐका, अशी मी लिंकखाली सूचनाही लिहिली होती. पण सूचना ही इतरांनी वाचायची गोष्ट आहे, अशी सेक्रेटरी लोकांची समजूत असते.

काका आता मुद्द्यावर आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "त्या बाईने गॅस का नाही बंद केला?"

फिल्म अशी आहे की चाळ रिकामी करून एक म्हातारी नव्या टॉवरमधल्या बाराव्या मजल्यावर राहायला येते. रिकाम्या स्वयंपाकघरात गॅस मांडते आणि नव्या घराच्या रीतीप्रमाणे दूध उतू घालते. शेवटचा शॉट मोठा आहे, कॅमेरा हलत नाही. दूध वर येतं, उतू जातं, आणि ती नुसती बघत राहते. मला वाटत होतं, त्या शॉटमध्ये सगळं आहे. काकांच्या मते त्यात फक्त दूध होतं.

"काका, ते मुद्दाम उतू घातलंय. नवं घर आहे ना."

"ते कळलं मला. आम्ही नाही का घातलं इथे आलो तेव्हा? पण असं चमचाभर उतू गेलं की पटकन गॅस बंद करायचा. ही बाई अख्खं पातेलं रिकामं करते! किती होतं, अर्धा लिटर की लिटर?"

"लिटर."

"गाईचं की म्हशीचं?"

"म्हशीचं. साय नीट दिसायला हवी होती."

काकांनी डोळे मिटले. "आणि एकदाच केलंत?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. "नाही, बरेच टेक झाले."

लिफ्ट आली. त्यातून चौथ्या मजल्यावरच्या वहिनी बाहेर पडल्या, त्यांना काकांनी थांबवलं. "याने सिनेमासाठी लिटरच्या लिटर म्हशीचं दूध ओट्यावर ओतलं." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सांगितलं की प्रत्येक वेळी सगळं सांडलं नव्हतं, जे वाचलं त्याचा युनिटला चहा केला, आणि एका दिवशी खीरही. "शेवयांची?" वहिनींनी विचारलं. हो म्हटल्यावर वातावरण जरा निवळलं. काका मात्र अजून पातेल्यातच होते.

"आणि सिलिंडर? सिलिंडर कोणी भरला? दूध उतू जाऊन बर्नरची भोकं बुजली असतील, ती कोणी साफ केली?"

खरं सांगायचं तर बर्नर मीच टाचणीने साफ केला होता. स्वतंत्र कलाकाराच्या युनिटमध्ये दिग्दर्शक तेही करतो. पण हे काकांना सांगून उपयोग नव्हता. त्यांचं समीक्षण संपलं होतं आणि ते घरखर्चाच्या बाजूने झुकलं होतं.

प्रेक्षकांचा हा हिशेबी स्वभाव नवा नाही, असं मी स्वतःला समजावतो. १८९६ साली ७ जुलैला काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात मुंबईकरांनी एकेक रुपया मोजून पहिल्यांदा हलती चित्रं पाहिली. सहा छोट्या फिल्म होत्या. त्यातल्या एकीत माणसं एक भिंत पाडतात, बस्स. भिंत पाडताना बघायला रुपया! आज तो खेळ रिडेव्हलपमेंटच्या कृपेने शहरभर फुकट चालू आहे, तेव्हा माझ्या फिल्मला कोण येणार? दादासाहेब फाळक्यांचं आणखी वाईट. १९१३ साली ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. मग सुरतेत नेला, तर तिथे लोक येईनात. कारण असं सांगतात की तिथे दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळायचं आणि हा माणूस दीड तासाचे तीन आणे मागत होता. फाळक्यांनी मग जाहिरात केली ती कलेची नव्हे, लांबीची: ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यांत. गर्दी लोटली.

हे मी काकांना नोटीस बोर्डासमोर उभं राहून सांगितलं. फाळक्यांच्या सरस्वतीबाई रात्री फिल्मला भोकं पाडत, सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत, दागिने गहाण पडले, हेही सांगितलं. काकांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग तुझे किती फोटो आहेत त्या ११ मिनिटांत?"

मी मनातल्या मनात गुणाकार केला. सेकंदाला २४. "साधारण १५,८००."

"बघ," काका म्हणाले. "हे लिहायला हवं होतं पोस्टरवर."

सगळ्यात संतापाची गोष्ट ही की त्यांचं बरोबर असावं.

जिन्यांच्या फोटोंचा विषय मी काढलाच नाही. ते काढताना भेटलेली माणसं हा वेगळा छळ आहे. गळ्यात कॅमेरा असला की मुंबईत तुम्ही पर्यटक असता, कोणी विचारत नाही. त्याच कॅमेऱ्याखाली ट्रायपॉड उघडा की तीन पाय जमिनीला लागायच्या आत कोणीतरी विचारतं, 'परमिशन आहे का?' विचारणारा त्या इमारतीत राहत असतोच असं नाही. एका जिन्यावर मला ज्यांनी हटकलं ते गृहस्थ तिथे कुणाची तरी वाट बघत होते. परमिशन नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग लवकर काढा, आणि वर मी दिसलो पाहिजे असं नाही पण दिसलो तर चालेल. ते दिसतात. त्या मालिकेतला तोच फोटो सगळ्यांना आवडतो.

पण मी काकांबद्दल सांगत होतो.

"येताय ना रविवारी?" मी विचारलं.

"रविवारी मेगाब्लॉक असतो."

"दुपारी असतो. कार्यक्रम सहाला आहे."

"ब्लॉक चारला संपतो रे, गाड्या दहापर्यंत सुधारत नाहीत. तू एक काम कर, इथेच गच्चीवर दाखव. सत्यनारायणाच्या दिवशी. प्रसाद घेऊन लोक बसलेलेच असतात." मग त्यांना खरं काम आठवलं. "बरं झालं भेटलास. सोसायटीला या वर्षी पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका काढायचीय. मुखपृष्ठ, आतली मांडणी, कमिटीचे फोटो, आणि कार्यक्रमाचं शूटिंग. तुला तिन्ही येतं. तू घरीच असतोस."

मी घरी असतो हे खरं आहे. काकांना माझ्या खोलीतला दिवा रात्री दोन वाजता दिसतो, आणि त्यावरून मी उशिरापर्यंत जागतो एवढाच निष्कर्ष निघतो. दोन वाजता कोणी काम करत असेल ही शक्यता सोसायटीच्या उपविधींत बसत नाही. शूटिंगच्या दिवशी सामान घेऊन निघालो की वॉचमन विचारतो, 'गावाला का?'

"मानधन काय आहे?" मी विचारलं. हा प्रश्न विचारताना आजही माझा आवाज बारीक होतो, त्याची मला चीड येते.

"मानधन म्हणजे… तुझं नाव छापू ना. आणि शाल, नारळ."

"टाकी धुणाऱ्याला काय देताय?"

"त्याला अर्धे आगाऊ दिले. ती माणसं आत उतरतात, अंगमेहनतीचं काम आहे."

आता टाकी धुणाऱ्याशी माझं भांडण नाही. त्याला मिळतात ते योग्यच आहेत, खरं तर कमीच असतील. पण त्याला कोणी म्हटलं नाही की तुला आवड आहे ना टाक्या धुवायची, मग कर की, टाकीवर तुझं नाव लिहू. माझ्या पिढीतले निम्मे डिझायनर, फोटोग्राफर आणि फिल्मवाले नाव छापून घेऊन राहतात. घरमालक भाड्यात नाव घेत नाही, हार्ड डिस्क नावावर मिळत नाही, आणि ज्या साउंडवाल्याचं काम काकांनी आवाज बंद करून पाहिलं, त्याचे राहिलेले पैसे मला अजून द्यायचे आहेत. त्यालाही मी सुरुवातीला म्हटलं होतंच, तुझं नाव मोठं टाकतो. तो हसला आणि त्याने यूपीआय नंबर पाठवला.

त्या रात्री मी बसून रीतसर कोटेशन केलं. मुखपृष्ठ इतके, आतली पानं दर पानाला इतके, फोटोंचा अर्धा दिवस, शूटिंगचा एक दिवस, एडिट वेगळं, दुरुस्त्या दोन वेळा, निम्मी रक्कम आगाऊ. रहिवासी म्हणून सूटही दिली. काकांना पाठवलं.

ताबडतोब अंगठा आला. मला वाटलं, संपलं. पण पाठोपाठ फोन आला.

"छान केलंयस. मांडणी व्यवस्थित आहे. कमिटीपुढे ठेवतो. फक्त एक आहे, एका कोटेशनवर काम देता येत नाही. ऑडिटर हरकत घेतो. तीन लागतात."

"मग?"

"मग बाकीची दोन तूच आण ना. तुझ्या लाइनमधली माणसं तुलाच माहीत."

कालपासून मी ओळखीच्या डिझायनरांना फोन करतोय. माझ्यापेक्षा जास्त रकमेचं एक कोटेशन मला हवं आहे, नुसतं दाखवायला. पहिल्याने 'निवांत पाठवतो' म्हटलं. दुसऱ्याने लगेच पाठवलं, माझ्यापेक्षा चार हजारांनी कमी, आणि खाली विचारलंय की काम कधी सुरू करायचं.