चमचाभर कुंदा आणि दहावीचं ॲप

काका, अभ्यासाच्या ॲपने पैसे घेण्याआधी थोडं फुकट वापरून बघू द्यावं, म्हणजे ट्रायल द्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया सडेतोड, म्हणून उत्तरही लांबलं. तुमचं म्हणणं असं की ट्रायल मागणं हा निव्वळ फुकटेपणा. बेळगावची मिठाई कुंदा घेताना पावशेर फुकट मागतो का आपण? शिवाय तुमचा पुतण्या निपाणीत बसून दहावीच्या गणिताचे व्हिडिओ करतो, मग त्याच्या पोटावर पाय कशाला?

पावशेर मागत नाही, खरंय. पण दुकानदार न मागता चमचाभर हातावर ठेवतो की! आणि तेवढ्यात सगळं कळतं. ट्रायल नसेल तर ॲप पैसे भरल्याशिवाय उघडतच नाही, मग कळायचं कसं?

आमच्या भाचीचंच बघा. जाहिरातीत ठळक अक्षरांत 'दहावी, मराठी माध्यम'. ताई वर्षाचे पैसे भरायलाच निघाली होती. ट्रायल होती म्हणून आधी उघडलं, तर धडे सगळे बालभारतीचे, म्हणजे महाराष्ट्राच्या पुस्तकांतले! आपली बेळगावकडची पोरं शिकतात मराठीत, पण पुस्तकं कर्नाटकची आणि परीक्षा एसएसएलसीची, म्हणजे कर्नाटकच्या दहावीची. गणित एक वेळ चालून गेलं असतं. पण आपल्या समाज विज्ञानात अर्थशास्त्र आहे, व्यवसाय अध्ययन आहे, ते त्यात शोधायचं कुठे? आणि कन्नड विषय तर नव्हताच. दुसऱ्या ॲपने बेळगाव पत्ता बघितला आणि थेट कन्नड माध्यमच पुढ्यात ठेवलं. पुण्याच्या गिऱ्हाईकाला जाहिरात पुरते. आपल्याला पुरत नाही.

फुकटच्या सवयीचं म्हणाल, तर ती लावली कुणी? जिओने सप्टेंबर 2016 पासून मार्च 2017 अखेरपर्यंत इंटरनेट फुकट वाटलं. नेटफ्लिक्सने डिसेंबर 2020 मध्ये 5 आणि 6 तारखेला भारतात सगळ्यांना दार उघडं ठेवलं. गिऱ्हाईक वाढावं म्हणूनच ना? त्यांना ते जमतंही. एकदा केलेला व्हिडिओ आणखी शंभर जणांनी बघितला तर खर्च फारसा वाढत नाही. कुंदेवाल्याचं मात्र दूध जातं.

उलट मला राग येतो तो 'फुकट' म्हणत आधी कार्ड मागणाऱ्यांचा. त्यांची सगळी भिस्त आपल्या विसरभोळेपणावर. केंद्राने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या 13 प्रकारांत हा 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे वर्गणीचा सापळाही आहे. दरमहा आपोआप पैसे कापायच्या किमान 24 तास आधी कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही आहे. पण तो मेसेज येतो इंग्रजीत. आमच्या आईने वाचला तर शपथ!

पुतण्याने महिनाभर फुकट द्यावं असं मी म्हणतच नाही. एकट्याने धंदा करणाऱ्याला ते झेपायचं नाही. एक अख्खा धडा मोकळा ठेवावा, तोही अवघडातला, आणि त्यासाठी कार्ड मागू नये. वर ठळक लिहावं: कर्नाटक बोर्ड, मराठी माध्यम. तसं लिहिलेलं असेल तर लिंक पाठवा, ताई पैसे भरायला तयार आहे.