स्कूटर थरथरते म्हणजे बेल्टच गेला का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्याच्या तोंडावर एक मेसेज फिरून येतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. बिनगिअरची स्कूटर थरथरायला लागली की बेल्ट गेला समजा. दर दहा हजार किलोमीटरला बेल्ट, रोलर, क्लच असं पूर्ण किट बदला. रोलरला ग्रीस लावा. इंजिनात जाड ऑइल टाका. आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, खाली घ्या, थरथर थांबते आणि पेट्रोलही वाचतं. एवढं करूनही राहिली तर सोडून द्या, सिंगल सिलिंडर आहे, थरथरणारच. खाली अंगठ्यांची रांग.

मी मेस्त्री नाही. पण आमच्या घरात किनेटिक होंडापासून, म्हणजे 1984 साली आलेल्या त्या गाडीपासून, बिनगिअरच्याच स्कूटर आहेत आणि हल्ली माझ्या गाडीचं बेल्टचं कव्हर मीच उघडतो. त्या जोरावर हे लिहितोय. आधी एवढं लक्षात ठेवा: या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या पुलीवरून बेल्टने मागच्या पुलीकडे आणि तिथून क्लचमार्फत चाकाकडे जाते. रोलर म्हणजे पुढच्या पुलीतली छोटी गोल वजनं.

‘थरथर म्हणजे बेल्ट’

मेसेज एक प्रश्न विचारतच नाही: थरथरते, पण कधी? आणि कशी? आपल्याकडे यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वापरले तर अर्धं काम तिथेच होतं. हाताला मुंग्या आल्यासारखी झिणझिण होते, गाडी सुटताना अंग शहारल्यासारखी थरथर होते, की सीटखाली धडधड लागते?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. दहा इंची चाकावर 90/100 मापाचा टायर असेल तर त्याचा घेर सुमारे 1.36 मीटर भरतो. ताशी 45 किलोमीटरला ते चाक सेकंदाला नऊएक वेळा फिरतं. त्याच वेळी इंजिन पाच हजार आरपीएमच्या आसपास असेल, तर क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला ऐंशीहून जास्त वेळा फिरतोय. सेकंदाला नऊ धक्के वेगवेगळे जाणवतात, ती धडधड. ऐंशी धक्के एकात एक मिसळतात, ती झिणझिण. म्हणजे धडधड असेल तर टायर, रिम, चाकाचं बेअरिंग बघा. टायरला कुठे फुगवटा आलाय का यावर हात फिरवायला पैसे पडत नाहीत. हवाही आधी तपासा; अनेक 110 सीसी गाड्यांना पुढे 22, मागे एकट्यासाठी 29 आणि डबलसीट 36 पीएसआय सांगितलेली असते, आणि लोक चारही ऋतूंत अंदाजानेच भरतात. फक्त ब्रेक दाबल्यावरच धडधड येत असेल तर ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाही. हात सैल सोडले की हँडल डोलत असेल तर पुढचा टायर आणि बॉलरेसर (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) बघा. यात बेल्टचा संबंध कुठेच नाही.

आता खरी थरथर. सिग्नल सुटतो, तुम्ही रेस देता, पहिली पाच-दहा फूट गाडी हुडहुडी भरल्यासारखी हलते आणि वीसच्या पुढे गेली की जणू काही झालंच नाही. ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि बेल्टच्या नावावर सर्वांत जास्त खपते. पण ती क्लचची आहे. मागच्या पुलीवर क्लचचे शू, म्हणजे घासणारं अस्तर (लायनिंग) लावलेले तुकडे, असतात. रेस वाढली की ते फेकले जाऊन बाहेरच्या ड्रमला चिकटतात आणि चाक फिरवतात. वीसच्या पुढे ते पूर्ण पकडलेले असतात, म्हणून थरथर थांबते. पकडत असताना ते घसरत-पकडत राहिले, तर ते धक्के तुम्हाला लागतात. कारण बहुधा ड्रममध्ये साठलेली लायनिंगची भुकटी, नाहीतर शूच्या पृष्ठभागाला आलेली काचेसारखी चकाकी, नाहीतर तापून निळा पडलेला ड्रम. ही चकाकी येते कशी, ते उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबल्यावर बघा: निम्मी मंडळी ब्रेक न धरता रेसवर गाडी तोलून उभी असतात. तेवढा वेळ क्लच आत भाजत असतो. शू झिजून संपले नसतील तर साफसफाई आणि पॉलिश पेपरचा हलका हात पुरतो. तोंडाला रुमाल बांधून करा आणि भुकटी फुंकरीने उडवू नका, ती नाकात जाते.

मग बेल्ट गेल्याचं कळतं कसं? बऱ्याचदा थरथरीने नाहीच. रेस वाढते, आवाज वाढतो, गाडी मात्र पुढे सरकत नाही. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुढच्या पुलीवर पुरेसा वर चढत नाही, त्यामुळे टॉप स्पीड घटतो. एखाद्या जागी बेल्ट खराब झाला तर एकसारख्या वेगात ठराविक तालात हिसका लागू शकतो, हे मान्य. पण ती खात्री कव्हर उघडून, बेल्ट उलटा वाकवून भेगा बघितल्यावर आणि रुंदी मोजल्यावर होते. मेसेज वाचून होत नाही.

अजून एक तपासणी, फुकटची. मोकळ्या, सौम्य उतारावर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, चावी न काढता गाडी नुसती घरंगळू द्या. वीस-पंचवीसच्या वर जाऊ देऊ नका, हात ब्रेकवर ठेवा. इंजिन बंद असलं की क्लच सुटलेला असतो, बेल्ट जागेवर उभा. तरीही धडधड लागली तर इंजिन आणि बेल्ट दोघेही निर्दोष. मेन स्टँडवर गाडी लावून जोरात रेस देणारे मेस्त्री असतात. त्यात चाकावर भारच नसतो, त्यामुळे क्लचची थरथर तिथे नीट दिसत नाही.

‘दर दहा हजाराला पूर्ण किट’

बहुतेक 110-125 सीसी गाड्यांत बेल्ट बदलायची मुदत याच्या दुपटीच्या आसपास असते. नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे, तोच धरा. दहा हजाराला उघडून बघायला हरकत नाही. बदलणं वेगळं.

कोणी म्हणेल, लवकर बदललं तर बिघडलं काय? बिघडतं. पुढची पुली क्रँकच्या टोकावर असते आणि तिच्या बाहेरच्या ताटाला पंख्यासारखी पाती असतात. नट सोडवताना पुली फिरू नये म्हणून तिला धरायचं खास हत्यार मिळतं. घाईत त्याऐवजी पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवला जातो. पातं तुटतं, ताट एका बाजूला हलकं होतं, आणि ते इंजिनच्याच वेगाने फिरत असल्यामुळे कालपर्यंत नसलेली झिणझिण आज सुरू होते. दुसरी गडबड याहून वाईट. बेल्ट मागच्या पुलीत आधी खोल दाबून सैल करून घ्यावा लागतो. तसं न करता नट आवळला तर बेल्ट पुढच्या ताटात चिमटतो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण ताट बुशवर, म्हणजे क्रँकवरच्या नळीवर, टेकलेलंच नसतं. थोडं चालल्यावर नट ढिला पडतो आणि क्रँकचे दाते खाऊन टाकतो. तेव्हाचं बिल किटचं नसतं, क्रँकचं असतं.

‘रोलरला ग्रीस’

बहुतेक गाड्यांत रोलर कोरडेच चालवायचे असतात. ग्रीस तापून उडतं आणि बेल्टवर जातं, मग घसरणं सुरू. काही बंद बनावटीच्या व्हेरिएटरमध्ये, म्हणजे रोलर असलेल्या पुढच्या पुलीत, कंपनीच मोजून ग्रीस भरायला सांगते, तो अपवाद पुस्तकात लिहिलेला असतो. रोलर एका बाजूने चपटे झाले असतील तर ग्रीसने गोल होत नाहीत.

‘जाड ऑइल’

बेल्ट, रोलर, क्लच कोरड्या डब्यात फिरतात. इंजिन ऑइल तिथे पोहोचतच नाही. पोहोचलं असेल तर क्रँकचं सील गेलंय, ते बदला.

‘आयडल खाली घ्या’

इथे तर उलटंच आहे. बहुतेक 110 सीसी गाड्यांचं आयडल 1600 ते 1800च्या दरम्यान ठेवलेलं असतं. ते हजारावर आणलं की सिंगल सिलिंडरचे धक्के एकमेकांपासून लांब पडतात आणि सिग्नलला आरसे नाचायला लागतात. फार वर नेलं तर क्लच अर्धवट पकडतो आणि स्टँडवर मागचं चाक आपोआप फिरत राहतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत तर बहुधा आयडल संगणक सांभाळतो. तिथे उभ्या गाडीची थरथर वाढली तर थ्रॉटल बॉडीतली (इंजिनात हवा जाते त्या तोंडातली) काजळी आणि इंजिनचे फाउंडेशन बुश बघा. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकासकट एकसंध वरखाली हलतं आणि चेसिसला रबरी बुशांवर लटकलेलं असतं. रबर मेलं की इंजिनचा प्रत्येक ठोका पायाखालच्या पाटीत उतरतो.

‘थरथरणारच’

मेसेजमधलं हे एकच वाक्य अर्धं खरं आहे. सिंगल सिलिंडर पूर्ण शांत कधीच नसतो. पण नेहमीची थरथर नेहमीसारखीच असते. महिन्याभरात वाढलेली, किंवा रेसबरोबर घरघर करत वाढणारी झिणझिण क्रँकच्या बेअरिंगची असू शकते, आणि ती घेऊन घाट चढायचा नसतो.

माझ्याही गाडीला अशीच झिणझिण लागली होती, चाळीसच्या आसपास, पायाखाली. एका गॅरेजने ऐकताक्षणी बेल्ट आणि रोलर बदलले, अडीच हजार घेतले, झिणझिण तशीच. घरी येऊन आठवलं की आठवड्यापूर्वी मागचा टायर बदलला होता. माझ्या गाडीत मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर काढावा लागतो. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट नव्हताच. हार्डवेअरच्या दुकानात तो वॉशरसकट पंधरा रुपयांना मिळाला.