गोलमेज आणि तो बिननावाचा सुतार

ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या गोलमेजाबद्दल सगळे एकच सांगतात. गोल टेबलाला वरचं टोक नसतं, म्हणून सगळे सरदार सारखे. ते खरंच आहे. पण मला या गोष्टीत सगळ्यात भिडतं ते वाढप.

हे टेबल साहित्यात पहिल्यांदा आणलं वेस या कवीने, ११५५ साली. त्याच्या आधी थोडीच वर्षं मॉनमथच्या जेफ्रीने आर्थरची सगळी कहाणी लिहिली होती, त्यात टेबलाचं नावही नाही. वेस सांगतो की आपणच श्रेष्ठ असं प्रत्येक सरदाराला वाटायचं, म्हणून राजाने गोल टेबल करवून घेतलं. तिथे सगळे सारखे बसत आणि सगळ्यांना सारखंच वाढलं जाई. हे वाचलं आणि मला आपला शब्द आठवला: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसता भात. यासाठी स्वतंत्र शब्द लागावा इतकं ते आपल्याकडे रोजचं होतं.

पुढे लायमन या इंग्रज कवीने हीच कथा वाढवून सांगितली. त्याच्याकडे नाताळची मेजवानी आहे आणि मानापानावरून भांडण पेटतं. आधी पाव फेकले जातात, मग दारूने भरलेले वाडगे, मग मुठी आणि शेवटी सुऱ्या. माणसं मरतात. भांडण सुरू करणाऱ्याला आर्थर दलदलीत बुडवून मारायला लावतो, त्याच्या नातेवाइकांनाही सोडत नाही. समतेचं हे प्रतीक असं रक्तातून वर आलंय, हे आपण विसरतो. मग कॉर्नवॉलमध्ये राजाला एक कारागीर भेटतो. तुमच्या सरदारांच्या मारामारीची बातमी मी समुद्रापलीकडे ऐकली, म्हणतो. मी असं टेबल करून देतो की सोळाशे आणि वर माणसं बसतील आणि कुठेही जाल तिथे ते सोबत नेता येईल. चार आठवड्यांत काम पुरं.

त्या सुताराचं नाव कवी देत नाही. नंतरच्या कथांत तर टेबलाचं श्रेय मर्लिन जादूगाराकडे गेलं. मला हे फार लागतं. लहानपणी गावात लग्नाचा मांडव घालणारी माणसं शेवटच्या पंगतीला बसायची. तोवर जिलबी संपलेली असायची. कुणी मुद्दाम करत नसे, म्हणून तर कुणाला काही वाटतही नसे.

इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या जुन्या किल्ल्याच्या सभागृहात एक गोल टेबल भिंतीवर टांगलेलं आहे. ओकचं, साडेपाच मीटर व्यासाचं. शतकानुशतकं लोक ते आर्थरचंच समजायचे. १९७०च्या दशकात लाकडाची तपासणी झाली आणि ते तेराव्या-चौदाव्या शतकातलं ठरलं. त्याच्यावरचा रंग ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्री राजाच्या काळातला. कडेने चोवीस सरदारांची नावं, मधोमध त्या घराण्याचा गुलाब आणि वरच्या बाजूला सिंहासनावर राजा. ज्या आकाराला वरचं टोक नव्हतं त्याला हेन्रीने ते रंगवून दिलं! भिंतीवर टांगल्यावर वर-खाली आपोआपच आलं.

आपल्याकडे 'गोलमेज' हा शब्द रुळला तो लंडनच्या परिषदांमुळे. १९३० साली पहिल्या परिषदेला अस्पृश्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रेट्टमलाई श्रीनिवासन असे दोघे गेले. बाबासाहेब तिन्ही परिषदांना हजर होते. ज्यांना गावच्या पंगतीत शेजारी बसू दिलं जात नव्हतं त्यांची खुर्ची तिथे मांडली गेली, हे मला त्या टेबलाच्या आकारापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. महाडच्या तळ्याचं पाणी पिऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती.

विंचेस्टरच्या त्या टेबलाला एके काळी कडेने बारा पाय होते आणि मधे एक आधार. ते पाय आता नाहीत, ते ज्यांत बसायचे त्या खाचा तेवढ्या मागच्या बाजूला आहेत. रंगवलेल्या सरदारांची नावं आजही वाचता येतात. खाचा कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही.