मागायला काय जातंय?

परदेशातल्या कुठल्यातरी साइटवर एकानं आपल्या जुन्या ड्रमसेटचे तीन हजार डॉलर मागितले, म्हणून आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या सेटचे अडीच लाख झाले! हा हिशेब लोकांना कोण शिकवतं कुणास ठाऊक. अन् तो हिशेब घेऊन सगळे माझ्याकडंच कामून येतात, तेही कळत नाही. अरे बाबांनो, मागायला काय जातंय? मागणारा चार लाख मागंल. तो सेट गेला का, अन् गेला तर कितीला गेला, ते बघा ना. झालेल्या सौद्यांचे आकडे तिथंच वेगळे दिसतात. पण ते बघायचे नाहीत, कारण ते बघितले की तोंड कडू होतं.

मी लातुरात ड्रम वाजवतो, हाताला जमेल तशी दुरुस्ती करतो. एवढ्यावरून लोकांनी मला सराफच करून टाकलंय. लग्नसराई संपली की फोन सुरू. "सर, बाबांचा सेट आहे, ऑर्केस्ट्रातला. ओरिजनल इंग्लंडचा. किती येतील?" सोबत एक फोटो. तोही दारातून काढलेला, ट्यूबलाइट लुकलुकतेय, अर्धा सेट चादरीखाली. यावरून मी भाव सांगायचा. अन् सांगितला की भांडण, कारण आकडा त्यांनी आधीच ठरवलेला असतो. माझ्याकडून फक्त "हो" ऐकायचं असतं.

गेल्या उन्हाळ्यात परभणीकडच्या एका गावात असाच सेट बघायला गेलो. माळवदाचं जुनं घर. बघतो तर बेस ड्रम, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, आडवा टाकलेला अन् त्यात ज्वारी भरलेली. ज्वारी पोत्यात काढली, ड्रम झटकला, तर नटबोल्टांच्या खाचांतून भुसा अन् सोंडे पडायले. बॅज, म्हणजे कंपनीच्या नावाची पट्टी, मात्र खरा, प्रीमियर या इंग्लंडच्या कंपनीचा. मला वाटलं, चला, काहीतरी हाती लागलं. मग आत टॉर्च मारला. वर टॉमचा, म्हणजे छोट्या ड्रमचा, स्टँड बसवायला कुणीतरी सुताराच्या गिरमिटानं भोकं पाडलेली, एक चुकलं म्हणून त्याच्या शेजारी दुसरं. टॉमच्या खालच्या बाजूची हेडं, म्हणजे ताणून बसवलेले पडदे, त्यांना धरणाऱ्या रिंगा, बोल्ट सगळं गायब. 1970च्या दशकात खालचं हेड काढून वाजवायची टूम जगभर होती, तेव्हा काढलेलं सामान कुठं गेलं ते देवाला माहीत. हेड जिथं टेकतं तो लाकडी काठ एका जागी उंदरानं कुरतडलेला. आवाज सगळा त्या काठावर असतो राव! अन् वरचं चकाकणारं प्लास्टिक सोलून त्यावर निळा ऑइल पेंट.

मी म्हणालो, चाळीस हजारांच्या वर कुणी देणार नाही. घरधनी म्हणाले, "सर, तुम्ही भंगाराचा भाव सांगायलाव. तुम्हालाच घ्यायचा दिसतोय." एवढ्या उन्हात स्वतःच्या पेट्रोलनं गेलो, ज्वारी उपसली, अन् वर हे. चहा तेवढा चांगला होता.

जुनं झालं की महाग होतं, हे डोक्यात कुणी घातलं? जुन्या ड्रमला भाव येतो तो जसाच्या तसा राहिला असेल तर. मूळ रंग, मूळ रिंगा, एकही नवं भोक नाही, अन् सगळे ड्रम एकाच सेटचे. रंग बदलला की व्यवहारात किंमत साधारण निम्म्यावर येते, भोकं पडली की आणखी खाली. प्रीमियर कंपनी 1922 ची, लंडनची, पुढं लेस्टरकडं गेली. तिचं क्रोम लई टिकतं, म्हणून नुसती चमक बघून हुरळू नका. शिवाय 1960च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचे तिचे काही टॉम आजच्या मापापेक्षा किंचित मोठे. दुकानातलं हेड त्यावर बसतच नाही, वेगळ्या मापाचं शोधावं लागतं. घेणारा हा खर्च किमतीतून कापणार की नाही?

लुडविग या अमेरिकन कंपनीचा सेट असलेल्यांचं वेगळंच. बॅज दिसला की "सर, बीटल्सवाला आहे!" बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार 1964 ला अमेरिकेत टीव्हीवर लुडविग घेऊन बसला हे खरं. पण त्याचा रंग वेगळा, काळ वेगळा, अन् तुमच्याकडचा निळ्या-हिरवट बॅजचा सेट म्हणजे 1969 च्या पुढचा. चांगला आहे, वाईट नाही, पण रिंगोचं नाव घेऊन त्याचे पैसे वाढत नाहीत. त्याच सेटमधला स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला ड्रम, कधी कधी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त देऊन जातो, झांजा झिल्जन या नावाजलेल्या कंपनीच्या असल्या तर त्या वेगळ्या. सगळं एका ढिगात विकणारा स्वतःच्या हातानं पैसे घालवतो. अन् बॅज तर काय, काढून कुठल्याही ड्रमला लावता येतो. मेरठमध्ये बनलेल्या ड्रमवर विलायती बॅज मी स्वतः बघितलाय.

अन् घेणारे काय साधुसंत आहेत का? पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन येतात. 1985 ला ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, आला अन् पुढं ऑर्केस्ट्रावाल्यांनी हळूहळू ड्रमसेट माळ्यावर टाकले, हे त्यांना पक्कं ठाऊक. ओळखीतल्या एका काकूंच्या घरी असाच एक आला. काकांच्या सेटला हातही न लावता म्हणाला, "मावशी, हल्ली हे कोण वाजवतं, लोखंड किलोवर जाईल." आठ हजार हातावर टेकवले अन् गाडी भरून गेला. सेटला एक भोक नव्हतं, खालची हेडं शाबूत, काकांनी खोळी शिवून घेतल्या होत्या. महिन्याभरात तोच सेट ऑनलाइन, किंमत लाखाच्या वर. तिथं माझा सल्ला कुणी मागितला नाही. ज्यांच्या सेटात सोंडे, ते मात्र रोज फोन करतात.

तर ऐका. भाव विचारायचाच असेल तर सेट उजेडात आणा. हेडं काढा, आतून प्रत्येक ड्रमचा फोटो, काठाचा जवळून, बॅजचा, स्नेअरचा खालून. भोकं लपवू नका, मी येऊन बघणारच आहे. अन् आकडा तुमच्या मनात आधीच पक्का असेल तर उगं मला फोन करू नका, सरळ जाहिरात टाका अडीच लाखांची अन् बसा वाट बघत.