रविवारी रात्री निघा, बुधवारी सकाळी कामावर या

२ ऑक्टोबर २०२६ शुक्रवारी येतोय. जोडून तीन दिवस सुट्टी. आदल्या गुरुवारी संध्याकाळी सहानंतर माजिवड्याला आणि पळस्पे फाट्याला गाड्यांची काय अवस्था होणार, हे ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. तरी दरवेळी आपण तेच तीन दिवस धरून बसतो. खोली दीडपट-दुप्पट भावाने घेतो, पहिला अर्धा दिवस रस्त्यात घालवतो आणि मग म्हणतो की नोकरीत फिरायला वेळ नाही, पैसा पुरत नाही. माझं मत स्पष्ट आहे. जोडून आलेली सुट्टी घरी काढा आणि एखाद्या साध्या आठवड्यात सोमवार-मंगळवार अशा दोन रजा टाकून जा.

आधी रजेचा हिशोब. बहुतेकांना आपल्या खात्यात किती रजा आहे हेच नीट माहीत नसतं. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. तो ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, म्हणजे साधारण १२ ते १४. ही रजा ४५ पर्यंतच साठते. पंधरा दिवस आधी अर्ज केलेला असेल आणि तो नाकारला गेला, तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागायचा हक्क आहे. म्हणून साहेबांना जेवणाच्या सुट्टीत तोंडी विचारू नका, मेल टाका. कारखान्यांचे नियम वेगळे आहेत, तिथे एचआरकडून लेखी समजून घ्या.

सोमवार-मंगळवारच का? शुक्रवार आणि सोमवार अशी रजा घेतली की बऱ्याच कंपन्यांत मधले शनिवार-रविवारही रजेत धरतात. दोन रजा मागितल्या आणि चार कापल्या, असं होतं. नुसते सोमवार-मंगळवार घेतले तर रविवार मध्ये अडकत नाही. वर्षातून अशा चार फेऱ्या केल्या तर आठ रजा लागतात. बाकीच्या गणपतीला, आजारपणाला, घरच्या कार्याला उरतात. अकाउंट्सवाल्यांनी जीएसटीची विवरणपत्रं भरायची ११ आणि २० तारीख ज्यात येते ते आठवडे सोडावेत, म्हणजे रजा नाकारायला कारण उरत नाही.

आता एक फेरी नीट मांडून बघू : वेरूळ आणि अजिंठा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. त्यामुळे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, हाच क्रम. उलटा धराल तर दोन्ही दिवस बंद फाटक बघून परत याल. रविवारी रात्री ठाण्याहून देवगिरी एक्सप्रेस धरायची. नवी मुंबईकरांनी ट्रान्सहार्बरने ठाण्याला यावं आणि हातात निदान पाऊण तास ठेवावा, रविवारी लोकल कमी असतात. गाडी छत्रपती संभाजीनगरला पहाटे, उजाडायच्या आत पोचते. इथेच लोक फसतात, कारण खोली दुपारी बारालाच मिळते. खोली ठरवतानाच फोनवर विचारा, 'सकाळी सहाला आलो तर अंघोळीपुरती खोली द्याल का?' सोमवारी हॉटेलं रिकामी असतात, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. शनिवारी हाच प्रश्न विचारून बघा.

वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर. एसटीने जा, कैलास लेणं सकाळच्या उन्हात बघा, शेजारी घृष्णेश्वर करा. मंगळवारी अजिंठ्याला मात्र सात वाजेपर्यंत निघायलाच हवं. अंतर जवळपास १०० किलोमीटर. फर्दापूर फाट्यावर उतरून लेण्यांपर्यंत तिथल्याच बसने जावं लागतं आणि त्या बसच्या रांगेत वेळ जातो. सामान हॉटेलात ठेवून जा. दुपारी साडेतीनला लेण्यांतून बाहेर पडा, रात्री उशिराची परतीची देवगिरी निवांत मिळते. दोन रात्री गाडीत, खोलीचं भाडं एकाच रात्रीचं.

पण हे सगळं तिकिटावर उभं आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ वाजता. हिशोब केला तर रविवारच्या गाडीचं बुकिंग बुधवारी उघडतं आणि मंगळवारच्या परतीचं शुक्रवारी. मोबाइलवर या दोन दिवशी पावणेआठचा गजर लावा. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आदल्या आठवड्यातच जोडून घ्या, ते नसेल तर बुकिंग उघडताना तुम्ही बाहेरच राहता. परतीचं तिकीट शुक्रवारी मिळालं नाही तर जातानाचं लगेच रद्द करा, तेव्हा सर्वात कमी पैसे कापले जातात. वेटिंगवर असाल तर कोणतं वेटिंग ते बघा. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे गाडी जिथून सुटते तिथलं सर्वसाधारण वेटिंग, पुढे सरकतं. पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्थानकांच्या सामायिक कोट्यातलं, फारसं सरकत नाही. ठाण्याहून कोटा संपलेला दिसला तर सीएसएमटीहून तिकीट काढा आणि बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्थानक, ठाणे करा. हा बदल गाडी सुटायच्या २४ तास आधीच उरका.

कोकणात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण यात दरवर्षी लोकांची तिकिटं वाया जातात. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे आपण जिला रविवार रात्रीची गाडी म्हणतो ती तिकिटावर सोमवारची असते. रविवारची तारीख टाकून काढलेल्या तिकिटाची गाडी शनिवारी रात्रीच निघून गेलेली असते. कोकणकन्येचं असंच, ती ठाण्याला बाराच्या आत येते आणि पनवेलला बारानंतर. पनवेलहून बसणाऱ्याची तारीख पुढची. ६० दिवस मात्र गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात, म्हणून पनवेलकरांचं बुकिंग त्यांच्या तारखेच्या ६१ दिवस आधी उघडतं.

पैशाचं गणित दोघांसाठी. स्लीपरने जाऊन-येऊन ११०० च्या आसपास, खोली २०००, खाणं २४००, एसटी आणि रिक्षा १५००, लेण्यांची प्रवेशतिकिटं वेगळी. हात राखून ८,००० धरा. चार फेऱ्यांचे ३२,०००, म्हणजे महिन्याला २,७००. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल अशी आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव, लावा. पोस्टाची नको, ती पाच वर्षांची असते. बँकेची सहा महिन्यांपासून मिळते. आरडी प्रवासाच्या तारखेला नाही, तर बुकिंगच्या तारखेआधी मोकळी व्हायला हवी, हे लोक विसरतात. तिकिटाला पैसे दोन महिने आधी लागतात. तेव्हा नसले की कार्ड पुढे येतं आणि फिरून आल्यावर हप्ते फेडत बसतो. फिरायला कर्ज काढू नये, या बाबतीत माझं मत अजिबात लवचीक नाही.

एसटीत महिलांना तिकीट निम्मं आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. चार आणि सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही मिळतो, पण घरातल्या बाईसाठी तो घेण्याआधी निम्म्या तिकिटाशी ताडून बघा, छोट्या फेरीत पास महाग पडतो. मूल पाच ते बाराच्या आतलं असेल तर रेल्वेत वेगळा बर्थ मागितला की पूर्ण भाडं, न मागितला तर निम्मं. पगारात एलटीए, म्हणजे रजेतल्या प्रवासाचा भत्ता, असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर प्रवासभाड्यावर सवलत मिळते. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनदा, खोली आणि जेवण त्यात धरत नाहीत. २०२२ ते २०२५ मधली एक फेरी राहिली असेल तर ती २०२६ मध्ये घेता येते. तिकिटांची पीडीएफ जपून ठेवा.

बुधवारी सकाळी गाडी ठाण्याला लागली की थेट कामावर जाता येईल असे इस्त्रीचे कपडे पिशवीत सगळ्यात वर ठेवा. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी तास-दोन तास सहज रखडते, म्हणून बुधवारी अकराच्या आतली कुठलीही मीटिंग घेऊ नका. रजेच्या मेलमध्येच लिहा, 'बुधवारी अकरापर्यंत पोचेन.'