शंका न येऊ देता तत्त्वज्ञान कसं शिकावं

ख्रिस्ती विद्यापीठात फिलॉसॉफी मेजर घेतलंय? अभिनंदन. आता दोन्हीकडून बोलणी खायची तयारी ठेवा. चर्चमधले म्हणतील, पोर हातचं गेलं. बाहेरचे म्हणतील, तुमची उत्तरं आधीच ठरलेली, प्रश्न कसले शिकता? दोघांनाही हसून 'हो' म्हणावं.

"मग पुढे पाद्री होणार का?" यावर मौन.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बायबलातलं कलस्सैकरांस पत्र काढून, दुसऱ्या अध्यायातल्या आठव्या वचनावर बोट ठेवून दाखवील: तत्त्वज्ञानाच्या जाळ्यात सापडू नका. मान डोलवा. ते पत्र ज्याच्या नावावर आहे तो पौल स्वतः अथेन्समध्ये एपिक्युरियन आणि स्टोइक पंथांच्या तत्त्वज्ञांशी वाद घालत होता, वर त्यांच्याच कवीची ओळ त्यांना ऐकवत होता, हे प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये आहे. ते मात्र काढून दाखवू नका. उगाच वातावरण बिघडतं.

चमत्कारांवर शंका घेणारा ह्यूम परीक्षेपुरता वाचावा. 'देव मेला' म्हणणारा नीत्शे कव्हर घालून. 'तो पाद्र्याचाच मुलगा होता' असं सांगून कुणाचं समाधान होत नाही, मी करून पाहिलंय.

आणि सेमिनारमध्ये आक्षेप कधीही मांडू नये. हे शहाणपण मला गेल्या मंगळवारी आलं. विषय अँसेल्म, अकराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत. ज्याच्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव. मग तो नुसता मनात असून कसं चालेल, प्रत्यक्षात हवाच, हा त्याचा युक्तिवाद. मी गॉनिलोचा आक्षेप मांडला: या हिशेबानं सर्वांत उत्तम बेटही कुठेतरी असायलाच हवं, कारण नुसतं मनातलं बेट सर्वांत उत्तम कसं? तीन मिनिटं बोललो असेन. मुद्दा कुणीच खोडला नाही. तास सुटल्यावर एक सहाध्यायी आला, खांद्यावर हात ठेवला, डोळे अर्धवट मिटले आणि हळू आवाजात म्हणाला, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतोय."

माझ्यासाठी! अरे, आक्षेप गॉनिलोचा! आणि गॉनिलो कोण? अकराव्या शतकातला मठवासी संन्यासी! रोज तुझ्याहून जास्त प्रार्थना करत असेल तो. अँसेल्मनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. उत्तर लिहिलं, आणि आक्षेप व उत्तर दोन्ही आपल्या पुस्तकालाच जोडून घेतलं. विश्वास ठेवणारा माणूस असा वागतो.

अ‍ॅक्वायनसचं, त्या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं, नाव तर तुम्ही उठता-बसता घेता. देव आहे का, हा प्रश्न तो कुठून सुरू करतो? 'देव नाही असं दिसतं' इथून! आधी जगातल्या दुष्टाईचा आक्षेप, मग सगळ्याचा उलगडा निसर्गातून आणि माणसाच्या इच्छेतून होतो हा दुसरा, आणि त्यानंतर देव आहे हे दाखवणारे ते पाच मार्ग, जे तुम्ही पाठ करून येता. हे सगळं ज्यात आहे ती त्याची 'सुम्मा' आमच्या लायब्ररीत उघडून बघा. पिवळा मार्कर थेट 'मी उत्तर देतो की' पासून सुरू होतो. वरचे आक्षेप कोरे करकरीत. पानामागून पान तसंच.

शंका येत नाही याला तुम्ही श्रद्धा म्हणता? आळस आहे तो. वाचायचा कंटाळा. अँसेल्मनं बेटाला उत्तर दिलंय, बाबा: माझा युक्तिवाद बेटाला लागूच नाही, ज्याच्याहून थोर काही कल्पिता येत नाही त्या एकालाच लागू आहे. हे तू मंगळवारी हात वर करून म्हणायला हवं होतंस. मी गप्प बसलो असतो. त्याच पुस्तकात आहे ते, थोडी पानं पुढे.